सातशे पालख्या आणि मलफुजातची पाने

खुलताबादला जियारतीला गेलेल्या प्रत्येकाने ही कथा ऐकलेली असते : दिल्लीहून हजरत निजामुद्दीन औलियांनी सातशे पीर पालख्यांसह दख्खनला पाठवले आणि त्यांनी हा मुलूख इस्लामकडे वळवला. आमच्या घरांत ती अभिमानाने सांगितली जाते. तीच कथा आता आमच्यावर आरोप म्हणूनही उलटवली जाते. गंमत अशी, की अभिमान धरणारे आणि आरोप करणारे दोघेही तिला इतिहास समजतात.

तसव्वुफ ही अंतरीची गोष्ट. मुर्शिदाकडून मुरिदाला ती सीना-ब-सीना मिळते. बाहेरच्याने तिचा इतिहास काय लिहावा, असे आमचे बुजुर्ग म्हणतात. त्यात तथ्य आहे. जिक्र करताना बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दिलात काय उतरले, हे मोजण्याचे माप इतिहासकाराजवळ नाही. पण ते दख्खनला का आले, त्यांचे बोल कोणी टिपले आणि केव्हा, हे प्रश्न बातिनी नव्हेत.

१३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीतील उलेमा, सूफी आणि अमीर-उमराव दौलताबादला हलवले. त्या स्थलांतरात बुऱ्हानुद्दीन आले आणि १३३७ मध्ये त्यांचा इथेच इंतकाल झाला. मुरिदांनी त्यांच्या मजलिसींतील बोलणी फारसीत लिहून ठेवली. 'नफाइसुल अन्फास' हे त्यांपैकी एक मलफुजात. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी ही हस्तलिखिते वाचून १९९२ मध्ये 'इटर्नल गार्डन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हजरतांच्या हयातीजवळच्या या नोंदींत त्यांना धर्मांतराची मोहीम आढळली नाही. आढळले ते अदब, समा, इबादत, मुरिदांची तरबियत. मोहिमेच्या आणि तलवारीच्या कथा पुढच्या काळातल्या.

बाहेरचा अभ्यासक म्हणजे तटस्थच, असेही नाही. रिचर्ड ईटन यांच्या विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या ग्रंथात लढवय्ये सूफी भेटतात. ते फार उशिरा लिहिलेल्या चरित्रांच्या आधारे उभे केले आहेत, असा आक्षेप अर्न्स्ट यांनीच घेतला.

आणि शंका घेणे ही काही परक्यांची मिरास नव्हे. अलीगढचे प्रा. मोहम्मद हबीब यांनी १९५० मध्ये दाखवून दिले, की ख्वाजा मुईनुद्दीन, कुतबुद्दीन आणि बाबा फरीद यांच्या नावांवर चालणारी मलफुजात बनावट आहेत. त्यांचा एक मोठा पुरावा सिलसिल्यातलाच होता. 'खैरुल मजालिस'मध्ये नसीरुद्दीन चिराग देहलवी सांगतात, की आमच्या बुजुर्गांनी एकही किताब लिहिली नाही. म्हणजे पहिला हरकतदार खुद्द निजामुद्दीन औलियांचा खलिफा! हदीसच्या प्रत्येक रावीची चौकशी करणाऱ्या उम्मतीला यात बेअदबी का वाटावी?

बुऱ्हानुद्दीन यांच्या दर्ग्यात चांदीची झाडे उगवली आणि त्यांवर दर्ग्याचा खर्च चालला, ही कथा ऐकताना आमचेही मन भरून येते. ती जरूर सांगावी. मात्र खुलताबादच्या दर्ग्यांना मिळालेल्या इनामांचे मोगल आणि निजाम काळातले कागदही आहेत. खर्च कशावर चालला, ते त्यांत लिहिलेले आहे.