जीर्णोद्धार कीं जतन?

अकोले तालुक्यांतील राजूर ही आसपासच्या डोंगरवाड्यांची बाजारपेठ होय. तेथून भंडारदऱ्यास जाऊन जलाशयाच्या कडेकडेनें पुढें गेलें म्हणजे रतनगडाच्या पायथ्याशीं रतनवाडी लागते. या वाडींत अमृतेश्वराचें देऊळ आहे. लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढवून त्याचें शिखर रचलेलें आहे. जवळच देवकोष्ठांनीं वेढलेली पुष्करणी आहे. परंपरा याचें कर्तृत्व दहाव्या शतकाच्या आरंभींच्या शिलाहार राजा झंझाकडे देते. शिल्पाच्या घडणीवरून मात्र तें त्याहून कांहींसें अर्वाचीन वाटतें. कसेंहि असो, सह्याद्रीचा पाऊस त्यानें शतकानुशतकें अंगावर घेतला आहे.

हें देऊळ आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखालीं आहे. या खात्याचा उगम 1861 सालचा असून अलेक्झांडर कनिंगहॅम हे त्याचे पहिले प्रमुख. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा 1904 सालीं, लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत झाला; स्वतंत्र भारतानें 1958 सालीं आपला नवा कायदा केला व 2010 सालीं तो अधिक कडक केला. संरक्षित स्मारकाची नासधूस करणारास आतां दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

परंतु देवळाचा वैरी नेहमीं दुष्टच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो भाविक असतो. जीर्णोद्धार हें आपल्याकडे मोठें पुण्य मानिलें आहे. ज्या अहिल्याबाईंचें नांव या जिल्ह्यास 2024 सालीं मिळालें, त्यांनीं काशीविश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभारिलें, म्हणूनच त्या घरोघरीं वंद्य झाल्या. त्याच भावनेनें एखादा सज्जन जुन्या दगडावर तैलरंग चढवितो, फटींत सिमेंट भरतो, गाभाऱ्यांत चकचकीत फरशी बसवितो. रंगानें दगडांतील ओल आंतच कोंडते, सिमेंटाचे क्षार दगडांत उतरतात आणि शिल्पकाराच्या छिन्नीची खूण कायमची बुजते. उद्ध्वस्त देऊळ पुन्हां उभारणें हें एक. उभ्या देवळाचें जुनेपण राखणें हें दुसरें. जॉन मार्शल यांनीं 1923 सालच्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत खात्यास हाच धडा घालून दिला : नवें करूं नका, आहे तें टिकवा.

तथापि गांवकऱ्यांचें गाऱ्हाणेंहि खोटें नाहीं. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरांच्या आंत नवें बांधकाम वर्ज्य. त्यापुढील 200 मीटरांत तें परवानगीवांचून होत नाहीं. जुन्या घराच्या दुरुस्तीसहि अर्ज करावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या येथें दिवा लावला, त्यांच्या वांट्यास दंडाची धमकी देणारा फलक तेवढा यावा, हें आम्हांस उचित वाटत नाहीं. मनाई कां, हें त्यांच्या भाषेंत व त्यांच्या ओटीवर बसून सांगणें हेंहि रक्षणाचेंच काम आहे.

कारण कायद्याची दृष्टि यादीपुरतीच पोंचते. बांधावर कललेला वीरगळ, पिंपळाखालची भग्न मूर्ति यांवर पहारेकरी नाहीं. त्यांचें रक्षण होईल तें गांवाच्या समजुतीनेंच. अमृतेश्वराच्या छायेंत वाढणाऱ्या मुलास हा दगड अमोल कां, हें एकदां कळलें, तर फलक गंजून पडला तरी देऊळ उभें राहील.