घोड्याची चंदी आणि रयतेचे धान्य : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात शिवकालीन अश्वपोषणाचा अभ्यास

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात घोडदळाच्या मोहिमा, वेग आणि गनिमी कावा यांची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने घोडा काय खात होता आणि ते खाद्य कोठून येत होते, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. वस्तुतः घोड्याच्या आहारात वैरण व दाणा यांचे प्रमाण राखणे ही केवळ मोतद्दाराची जबाबदारी नव्हती. तो राज्याच्या अर्थव्यवस्थेचा व रयतेच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) या परिसराच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नाचा विचार केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले याच परिसरात आहेत. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ व रोहिडखोरे या खोऱ्यांतून स्वराज्याची प्रारंभीची उभारणी झाली आणि राजधानी रायगडावर जाईपर्यंत राजगड हेच राज्यकारभाराचे केंद्र होते. या भागाच्या पश्चिमेस पाऊस अतिशय पडतो. खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी व वरई ही तेथील मुख्य पिके होत. ज्वारी, बाजरी व हरभरा ही पिके पूर्वेकडे, पाऊस कमी होत जातो तेथे येतात.

म्हणजे मावळात घोड्यासाठी गवत व भाताचा पेंढा मिळे, परंतु कसदार दाणा पुरेसा मिळत नसे. डोंगरी गवतही पावसाळ्याच्या प्रारंभी कोवळे व सकस असते. ते फुलोऱ्यावर येऊन वाळले की त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात. मावळचे लष्करी बळ प्रामुख्याने पायदळाचे होते, यामागे दुर्गम भूप्रदेशाबरोबरच हेही एक कारण संभवते.

चंदीचे गणित

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि वैरणीचे पचन मुख्यतः मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांमार्फत होते. म्हणून वैरण हा त्याच्या आहाराचा पाया आणि दाणा ही पूर्ती होय. आजच्या पोषणशास्त्रानुसार सुमारे 300 किलो वजनाच्या प्रौढ घोड्यास विश्रांतीच्या काळात दररोज अंदाजे 380 ग्रॅम, तर मध्यम कष्टाच्या काळात सुमारे 460 ग्रॅम प्रथिने लागतात. 4 टक्के प्रथिने असलेले 6 किलो वाळलेले गवत त्याने खाल्ले, तर त्यातून 240 ग्रॅम मिळतात. कष्टाच्या दिवसांत उरलेली 220 ग्रॅमची तूट दाण्यातूनच भरावी लागते.

हरभऱ्यात साधारणतः 20 टक्के प्रथिने असतात. तेव्हा सुमारे 1.1 किलो हरभऱ्याने ही तूट भरून निघते. तीच तूट 10 टक्के प्रथिनांच्या ज्वारीने भरावयाची झाल्यास 2.2 किलो दाणा लागेल आणि त्याबरोबर जवळजवळ 1.4 किलो पिष्ट पोटात जाईल. एका वेळी पिष्टमय दाणा फार झाला की तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तेथे आंबतो आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो. हरभऱ्यात पिष्टाचे प्रमाण ज्वारीहून कमी असल्याने दोन तोबऱ्यांत विभागलेली त्याची चंदी तुलनेने निर्धोक ठरते. दख्खनमध्ये हरभरा व कुळीथ ही कडधान्ये घोड्याचे खाद्य म्हणून रूढ झाली, त्यास असा शास्त्रीय आधार आहे. तथापि अतिरेक येथेही व्यर्थच होय, कारण गरजेपेक्षा अधिक प्रथिने मूत्रावाटे बाहेर पडतात आणि महागडे धान्य वाया जाते.

पागेची व्यवस्था

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला आणि दहा जुमल्यांचा एक हजारी अशी ती उतरंड होती. दर पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंद नेमलेले असत. पावसाळ्यात लष्कराने छावणीस परतावे आणि तेथे दाणा, वैरण, औषधे व शाकारलेली घरे आधीच सिद्ध असावीत, असा दंडक होता. दसऱ्यानंतर फौज पुन्हा बाहेर पडे. म्हणजे वर्षातील चार महिने घोड्यांचा संपूर्ण भार साठवलेल्या खाद्यावर असे.

चिपळूणच्या छावणीस पाठविलेले पत्र

हा साठा कसा वापरावा, याचे उत्तर मावळात नव्हे तर घाटाखाली मिळते. कोकणातही मावळाप्रमाणेच पाऊस भरपूर आणि मुख्य पीक भाताचे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ पागेचा मुक्काम असता शिवाजी महाराजांनी तेथील जुमलेदार, हवालदार व कारकुनांस पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठवलेला दाणा व गवत आताच मन मानेल तसे खर्च केले, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. मग शिपाई कुणब्यांकडून धान्य, भाकर, गवत, भाजीपाला ओढू लागतील आणि रयतेला ते मोगलांहून वाईट वाटतील, हा त्यातील सर्वांत कठोर इशारा होय. आगट्या, तंबाखू आणि रात्री जळते दिवे यांमुळे गवताच्या गंजींस आग लागण्याचा धोकाही त्यात सविस्तर वर्णिला आहे.

पत्राचा उद्देश काटकसर आणि रयतेचे रक्षण हा आहे. परंतु त्याचा पोषणविषयक परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. वैशाखात भरपूर दाणा आणि श्रावणात उपासमार असा चढउतार घोड्याच्या आतड्यास घातक असतो. मोजून दिलेला रोजचा रतीब त्याला निरोगी ठेवतो. शिवाय पावसाळ्यात घोडा बसून असल्याने त्याला दाणाही कमी लागतो. अशा वेळी दिलेली जादा चंदी घोड्याला अपायकारक आणि साठ्याला मारक ठरते.

समारोप

मावळच्या भूमीने स्वराज्याला माणसे, गड आणि गवत दिले, परंतु कसदार दाणा तेथे दुर्मिळ होता. जो दाणा बाहेरून आणून साठवावा लागतो, त्याचे माप चुकले की तूट अखेरीस शेतकऱ्याच्या कणगीतून भरली जाते. म्हणूनच रतिबाचे माप पाळणे ही शिवकालात लष्करी शिस्तीची बाब ठरली. घोड्याचा आहार आणि कुणब्याचे अन्न यांचा हा संबंध ध्यानात घेतल्याशिवाय मराठ्यांच्या घोडदळाचा अभ्यास पूर्ण होऊ शकत नाही.