कॅन की कॅन्ट? ऐकू येतं पण कळत नाही, त्याची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी वीस ट्यूबा ऑटोक्लेव्हमध्ये वितळवल्या. ट्यूबा पॉलिस्टायरीनच्या होत्या. पॉलिप्रॉपिलीन १२१ अंशांना टिकतं, पॉलिस्टायरीन मऊ पडून बसतं, हे आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एका अमेरिकन सहकाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘यू कॅन्ट ऑटोक्लेव्ह दीज.’ मला ऐकू आलं, ‘यू कॅन ऑटोक्लेव्ह दीज.’ वहीत मी शांतपणे लिहिलं: चालतं.

ट्यूबांपेक्षा वाईट पुढे झालं. त्यानंतरच्या मीटिंगांमध्ये मी नुसती मान डोलवायला लागले. पेपर वाचून कळायचे, ईमेलला उत्तरं नीट जायची, पण कोणी समोर भराभर बोलायला लागलं की वाटायचं, आपल्याला इंग्रजी येतच नाही. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, मराठी माध्यमातून आला असाल, तर ही मान डोलवणं तुम्हालाही माहीत असेल. मग मी ठरवलं, हा प्रॉब्लेम आपल्या आधी कोणीतरी मोजला असेलच. शोधत गेले, तर सुरुवात निघाली टेलिफोनपाशी.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेच्या बेल कंपनीला एक साधा प्रश्न पडला होता: तारेतून आवाज किती कापला तरी बोलणं समजतं? हार्वे फ्लेचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या केल्या. एकाने वाचायचं, पलीकडच्यांनी लिहून घ्यायचं आणि बरोबर किती ते मोजायचं. निरर्थक का? तर अर्थ असला की माणूस न ऐकलेलंही अंदाजाने भरून काढतो आणि मोजमाप बिघडतं. म्हणजे अंदाज ही त्यांच्या प्रयोगातली अडचण होती. १९५१ मध्ये जॉर्ज मिलर, हाइझ आणि लिख्टन यांनी याच अडचणीचा विषय केला. गोंगाटात तेच शब्द सुटे ऐकवले आणि वाक्यात घालून ऐकवले. वाक्यात ते जास्त ओळखू आले. अंक तर आणखी सहज, कारण तिथे निवड मोजक्याच शब्दांतून करायची असते.

दरम्यान १९४० च्या दशकात बेलच्याच प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोग्राफ तयार झाला आणि बोलणं कागदावर दिसायला लागलं. ते चित्र एकदा बघाच, आता मोबाइलवरही निघतं. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, तशी त्यात बहुतेक ठिकाणी नसतेच. उलट एकाच शब्दाच्या पोटात ‘प’ किंवा ‘ट’ म्हणताना ओठ-जीभ क्षणभर बंद होतात, तिथे शांतता दिसते. म्हणजे ‘ते लोक शब्द जोडून बोलतात’ ही आपली तक्रार मराठीलाही लागू आहे. आपणही जोडूनच बोलतो. फक्त मराठीत तोडायचं काम डोकं आपोआप करतं.

मला सगळ्यात धीर दिला तो पोलॅक आणि पिकेट यांच्या १९६३-६४ च्या प्रयोगांनी. त्यांनी सहज चाललेल्या गप्पा रेकॉर्ड केल्या, त्यातले एकेक शब्द कापून काढले आणि इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्यांना ऐकवले. जेमतेम निम्मे ओळखता आले! मागचा-पुढचा तुकडा वाढवत नेला की ओळखणंही वाढायचं. हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. आपण प्रत्येक शब्द स्वतंत्र पकडायला बसतो, आणि ते खुद्द इंग्रजांना-अमेरिकनांनाही जमत नाही.

मग आपण असं पकडायला शिकलो कुठे? शाळेतलं डिक्टेशन आठवा. बाई एक शब्द म्हणायच्या, थांबायच्या, पुन्हा म्हणायच्या. जगभर साधारण हेच चाललं होतं. १९ ऑक्टोबर १९५९ ला व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओने ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं: सुमारे १५०० शब्द, छोटी वाक्यं आणि नेहमीच्या दोन तृतीयांश वेगाचं वाचन. माझ्या मते पहिल्या पायरीला ते उत्तम आहे, मीही तिथूनच सुरुवात केली. पण सावकाश बोललं की आवाजच बदलतो. दबणारे स्वर पुन्हा स्पष्ट होतात, गळणारे ‘ट’ परत येतात. गिलियन ब्राउन यांनी १९७७ च्या ‘लिसनिंग टू स्पोकन इंग्लिश’ या पुस्तकात हेच मांडलं: ज्याने फक्त जपून केलेले उच्चार ऐकलेत, तो नेहमीच्या बोलण्यात हरवतो.

आता आपल्या कानाचा मुद्दा. इंग्रजीत शब्दातलं एक अक्षर ठासून येतं आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मधला ठळक ‘फो’ हा ‘फोटोग्राफी’त पार दबतो आणि ऐकू येतं साधारण ‘फटॉग्रफी’. अ‍ॅन कटलर यांच्या संशोधनानुसार इंग्रज श्रोता या ठळक अक्षरापाशी नवा शब्द सुरू झाला असं धरून चालतो. बोलण्यातल्या अर्थवाही शब्दांपैकी सुमारे ९० टक्के तसेच सुरू होत असल्यामुळे त्याचं सहसा निभतं. कधीकधी फसतंही. १९९२ मध्ये कटलर आणि बटरफील्ड यांनी अगदी हळू आवाजात ‘कंडक्ट असेंट्स अपहिल’ असं ऐकवलं, आणि त्यातून ‘द डॉक्टर सेंड्स द बिल’ असलं काहीतरी ऐकलं गेलं. मराठीत अशा आघातावर शब्द तोडायची वेळ येत नाही, त्यामुळे ही खूण आपल्या कानाला शिकवलेलीच नसते.

याची दुसरी बाजू आपल्याच देशात तपासली गेली होती. आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं यावर लंडन विद्यापीठात पीएचडी केली. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने १९६९ मध्ये ते काम छापलं. न समजण्याच्या कारणांत आघात चुकीच्या अक्षरावर पडणं हे त्यांना फार मोठं कारण सापडलं. आपल्या बोलण्यात त्यांना जे सापडत नाही, तेच त्यांच्या बोलण्यात आपण शोधत नाही.

हे वाचल्यावर मी काय बदललं? सबटायटल लावून तासनतास व्हिडिओ बघणं बंद केलं, कारण त्यात मी ऐकत नव्हते, वाचत होते. आता सेमिनारच्या रेकॉर्डिंगमधली फक्त वीस सेकंदं घेते. ऐकू येईल तसं देवनागरीत लिहिते, म्हणजे स्पेलिंग मध्ये येत नाही. मग ट्रान्स्क्रिप्टशी ताडून बघते. ‘शुडव’ लिहिलेलं असतं, निघतं ‘शुड हॅव’. मधलं अख्खं ‘हॅव’ एका ‘व’वर आलेलं असतं. चुकलेले तुकडे वहीच्या मागच्या पानांवर जातात. पहिल्या महिन्यात नुसता कंटाळा आला, हेही सांगून ठेवते.

त्याच पानांवर एक नोंद ट्यूबांची आहे. अमेरिकन बोलण्यात होकारार्थी ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये दबून ‘कन’ होतो. ‘कॅन्ट’मधला स्वर भरदार राहतो, पण शेवटचा ‘ट’ गिळला जातो. मला त्या दिवशी स्पष्ट ‘कॅन’ ऐकू आलं होतं, आणि ते स्पष्ट होतं हीच नकाराची खूण होती. गेल्या महिन्यात त्याच सहकाऱ्याने नव्या बाटल्यांबद्दल काहीतरी सांगितलं, तेव्हा मी मान डोलवली नाही. ‘कॅन ऑर कॅनॉट?’ म्हणून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, ‘कॅनॉट.’ बाटल्या अजून शाबूत आहेत.