आठ दिवसांच्या गोळ्या

आजची गोष्ट आमच्या मारुंजीतल्या फ्लॅटपासून सुरू करतो. तारीख ३० मार्च २०२०, लॉकडाऊनचा सहावा दिवस. तिघे रूममेट, तिघांचं वर्क फ्रॉम होम आणि वायफाय एकच. रात्री जेवणानंतर आमच्यातला एक जण मला टेरेसवर घेऊन गेला आणि म्हणाला, "मला एचआयव्ही आहे. कॉलेजपासून. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्यात."

(त्याला विचारूनच हे सांगतोय. नाव-गाव मात्र नाही सांगणार.)

गोळ्या तो स्वतःच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रातून आणायचा. इथे कुणी ओळखीचं दिसायला नको म्हणून. आम्हाला वाटायचं, पठ्ठ्या दर महिन्याला आईला भेटायला जातो! आता जिल्ह्याच्या सीमा बंद होत्या. मी घाबरून विचारलं, "अरे, मग तुला कोरोना झाला तर?" तो म्हणाला, "कोरोनाचं बघू रे. गोळ्या संपल्या तर काय, ते सांग."

तेव्हा मला त्याचं उत्तर बेफिकिरीचं वाटलं. पण त्याचं म्हणणं का बरोबर होतं हे समजायला थोडं मागे जावं लागेल, आणि तो रस्ता आपल्या भोसरीवरूनच जातो.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. १९९२ मध्ये पुण्यात आयसीएमआरची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सुरू झाली. तीच ती भोसरी एमआयडीसीतली. आपण कंपनीच्या बसमधून जाताना बोर्ड वाचतो आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालतो. सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला, पण तेव्हा गोळ्या मिळायच्या त्या प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांना. म्हणजे आधी आजारी पडा, मग या.

हे बदलायला एक मोठा अभ्यास कारणीभूत ठरला. त्याचं नाव एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. त्यातलं एक केंद्र पुण्यात होतं. २०११ मध्ये निकाल आला की गोळ्या लवकर सुरू केल्या तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. पुढे २०१७ मध्ये भारताने ठरवलं, निदान झालं की लगेच उपचार. त्यामुळे कोरोना आला तेव्हा देशात लाखो लोक रोज गोळी घेत होते, आणि त्यातल्या अनेकांच्या रक्तात विषाणू दबलेला होता. माझा मित्र त्यातलाच एक.

२०२० च्या सुरुवातीला मात्र दोन टोकाच्या समजुती होत्या. एक, एचआयव्ही असलेले सगळे कोरोनाने जाणार. दुसरी बरोबर उलटी, की एचआयव्हीच्या गोळ्याच कोरोनावर चालतील! जयपूरच्या एसएमएस रुग्णालयात इटालियन पर्यटक दांपत्याला लोपिनावीर-रिटोनावीर दिलं, ती बातमी आठवते? जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने सांगितलं, दवाखान्यात दाखल झालेल्यांना त्याचा काही फायदा होत नाही. विषय संपला.

पहिली समजूत मात्र पूर्ण खोटी नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या नोंदींत एचआयव्ही असलेल्यांचा कोरोनाने मरण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून हा जादा धोका सुमारे ३० टक्के असल्याचं सांगितलं. त्यात डायबेटिस, बीपीवाले जास्त अडचणीत. आणि सगळ्यात वाईट अवस्था कुणाची? ज्यांच्या सीडी४ पेशी २०० च्या खाली, ज्यांच्या गोळ्या सुटलेल्या. आफ्रिकेतल्या अशाच एका ३६ वर्षांच्या बाईच्या शरीरात कोरोना २१६ दिवस राहिला आणि तिथेच बदलत गेला.

म्हणून गोळी चुकणं हीच मोठी भीती. मे २०२० मध्ये तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता की सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत उपचार सहा महिने खंडित झाले, तर एड्सशी संबंधित पाच लाखांहून जास्त जादा मृत्यू होऊ शकतात. आपल्याकडे नॅकोने लॉकडाऊनमध्ये एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायला आणि अडकलेल्यांना जवळच्या केंद्रातून औषध द्यायला सांगितलं.

त्याच भरवशावर आम्ही दोघे बाइकवर निघालो. वाटेत पोलिसांनी अडवलं. कारण विचारलं. मित्राने हिरवं पुस्तक काढून दाखवलं, माझ्याकडे न बघता. हवालदाराने ते वाचलं, बंद केलं, परत दिलं. "जा, लवकर या." गोळ्या मिळाल्या.

पुढे १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांसाठी लस सुरू झाली. वीस आजारांच्या त्या यादीत एचआयव्हीही होता, फक्त डॉक्टरचा दाखला हवा. म्हणजे लस हवी तर लसीकरणाच्या टेबलावर कागद दाखवा. किती जणांनी तो दाखवला असेल, मला शंकाच आहे. महिन्याभरात दाखल्याची अट गेली. आम्हा विशीतल्यांचा नंबर मे महिन्यात लागला. कोविनवर स्लॉट मिळवायला मी स्क्रिप्ट लिहिली होती, ती चाललीच नाही. स्लॉट त्यानेच पकडला, दोघांसाठी.