थिबाराजाच्या कन्या व सरकारी पहारा

रत्नागिरीचा थिबा राजवाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या राजाच्या मुली येथें कोणत्या स्थितींत वाढल्या याचा विचार सहसा होत नाहीं. राजवाडा तर १९१० सालीं पुरा झाला. मुलींचें बाल्य त्यापूर्वींच सरलें होतें.

ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरांत पदच्युत झाला व मद्रासमार्गें १८८६ च्या एप्रिलांत येथें आणला गेला. त्यास चार कन्या. थोरल्या दोघी मंडालेस जन्मल्या, तिसरी मद्रासेस १८८६ त, धाकटी रत्नागिरीस १८८७ त. म्हणजे धाकट्या दोघींच्या जन्मापूर्वींच राज्य बुडालें होतें. बापावर कोणत्याहि न्यायासनापुढें खटला चालला नाहीं. मुलींवर तर आरोपहि संभवत नव्हता. तथापि देखरेखीस नेमलेला सरकारी अंमलदार आणि दारावरील पोलिसांचा पहारा यांतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १९२४ सालीं वि. दा. सावरकर यांस याच जिल्ह्यांत स्थानबद्ध केलें, तेव्हां निदान लेखी अटी व पांच वर्षांची मुदत तरी होती. ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली, हें निराळें. या मुलींस मुदतच नव्हती, मग ती सरण्याची वाट कोणी पाहावी?

आमचे मतें या बंदिवासाचा खरा परिणाम विवाहांत दिसतो. थिबास राजकुलांतीलच वर हवा होता, आणि तसा वर ब्रह्मदेशांतूनच यावयाचा. राजा १९१६ त वारला, तोंवर एकीचेंहि लग्न झालें नाहीं. १९०६ त थोरलीस कन्या झाली. तिचा पिता वाड्याचाच एक दरवान! पहारा बाहेरच्यांवर होता. आंतील माणसांच्या मनाची नोंद कोण ठेवणार? कुटुंब १९१९ त स्वदेशीं परतलें. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ त येथेंच वारली. तिची कन्या येथेंच संसार करून २००० सालीं निवर्तली.

डब्ल्यू. एस्. देसाई यांचा थिबाविषयींचा १९६७ चा ग्रंथ मुख्यत्वें सरकारी दप्तरावर उभा आहे. त्याचें मोल आम्ही जाणतों. पण ज्याचा पहारा त्याचीच लेखणी, हें तें दप्तर वाचतांना विसरूं नये. तीं टिपणें राजकन्यांविषयीं आहेत, राजकन्यांचीं नव्हेत.

थिबानें बरोबर आणलेलें जडजवाहीर येथें विकलें, हें प्रसिद्धच आहे. म्हणून जुन्या सराफ-सावकारांचे रुमाल सोडणाऱ्या संग्राहकांस विनंती कीं, वाड्याच्या नांवाचें एखादें पान निघाल्यास त्यावरील मिती, जिन्नस व रक्कम जशीच्या तशी उतरून घ्यावी. सरकारी शिक्का नाहीं एवढ्यावरून तें पान रद्दींत घालूं नये.