स्कलीव्हिलचे १७० डॉलर

आज आधी एक आकडा दुरुस्त करून घेऊ. चोक्टॉ लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी ७१० डॉलर पाठवले, असं बरीच वर्षं छापलं गेलं, अजूनही कुठेकुठे वाचायला मिळतं. खरी रक्कम १७०. अंक इकडचे तिकडे झाले आणि पुढच्यांनी तेच उतरवून घेतले.

२३ मार्च १८४७. आजच्या ओक्लाहोमा राज्यातलं स्कलीव्हिल. चोक्टॉ भाषेत पैशाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं, कारण सरकारकडून मिळणारी सालाची रक्कम तिथे वाटली जायची. त्या गावात सभा भरली आणि वर्गणी जमली. देणाऱ्यांत मिशनरी, व्यापारी, सरकारी अधिकारीही होते. पण बराचसा वाटा चोक्टॉंचा, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रानं नोंदवलं आहे.

हे लोक मूळचे मिसिसिपीकडचे. १८३० च्या तहानं त्यांची जमीन गेली आणि १८३१ पासून त्यांना पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. भर थंडीत, अपुऱ्या अन्नावर, पटकीच्या साथीत हजारो माणसं वाटेत दगावली. तो कायदा ज्यांच्या सहीनं झाला ते अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आयर्लंडमधून आलेल्या आईबापांचे पुत्र! म्हणजे आयरिश नावाविषयी मनात अढी धरायला चोक्टॉंना निमित्त हवं असतं, तर ते हाताशी होतं.

तिकडे आयर्लंडात १८४५ पासून बटाट्यावर रोग पडत होता. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर. तरीही बंदरांतून धान्याची जहाजं बाहेर जातच होती, आणि खंड थकला की कुळांना घराबाहेर काढलं जात होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. घरातून काढलेलं माणूस, रस्ता, भूक – चोक्टॉंना यातलं काय नवीन होतं? त्यांच्या मनातलं आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सोळा वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. सभेतल्या प्रौढ माणसांना ती वाट आठवत असणारच.

आता एक अडचणीची गोष्ट. सधन चोक्टॉ कापसाच्या शेतीवर काळे गुलाम राबवत. ही गोष्ट सांगणारे पुष्कळदा हे गाळतात. कथा निर्मळ राहावी म्हणून. आपण गाळू नये. सोसलेला माणूस दुसऱ्याचं दुःख ओळखतोच असं नाही. आयरिशांचं ओळखलं, दारातल्या गुलामाचं नाही. आम्हाला वाटतं, त्यानं देणगी खोटी ठरत नाही. पण देणाऱ्याला संत करायची गरजही उरत नाही.

१९९५ मध्ये आयर्लंडच्या अध्यक्षा मेरी रॉबिन्सन आभार मानायला चोक्टॉंकडे गेल्या. २०१७ मध्ये कॉर्क परगण्यातल्या मिडलटन गावी पोलादी पिसांचं स्मारक समारंभपूर्वक अर्पण झालं. गरुडाची नऊ पिसं, वाडग्याच्या आकारात उभी. वाडगा रिकामाच आहे.

आणि २०२०. कोरोनात नावाहो आणि होपी लोकांसाठी मदतनिधी उघडला, तर आयर्लंडमधून देणग्यांची रीघ लागली. कुणी दहा युरो, कुणी वीस. सोबत १८४७ ची आठवण लिहिलेली. नावाहो वेगळे, होपी वेगळे, चोक्टॉ वेगळे. पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक होतं. पैसे तरीही तिकडेच गेले.