पेटीतली वीज मोजायची कशी?

१/ मे १८८१. पॅरिसमध्ये वीज भरलेली एक पेटी ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे पोहोचली. हेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेले. पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा असल्याची वार्ता होती. आजच्या हिशेबाने सुमारे ३७७ वॉट-तास. हा आकडा पडताळायचा कसा?

२/ पेटीतील घटांचे मूळ १८५९ मधले. गास्ताँ प्लाँते यांनी शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पुन्हा पुन्हा भरता येणारा घट सिद्ध केला. तो पूर्ण क्षमतेला यायला मात्र फार वेळ लागे. कामिय फोर यांनी पत्र्यांवर शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच ऑक्साइडचा लेप दिला आणि ती प्रतीक्षा पुष्कळ कमी झाली.

३/ दिव्यात तेल किती उरले, हे डोळ्यांना दिसते. भरलेला घट आणि रिकामा घट मात्र तराजूतही सारखेच भरतात. साठा मोजण्याचा खात्रीचा मार्ग एकच: तो बाहेर काढणे.

४/ त्याच वर्षी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने अँपिअर, व्होल्ट, कूलोम ही एकके मान्य केली. प्रवाह गुणिले वेळ म्हणजे बाहेर आलेला विद्युतभार. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. मापाला भाषा मिळाली.

५/ तरीही पेच उरलाच. एकच घट कधी जास्त वीज देई, कधी कमी. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ प्यूकर्ट यांनी त्यातला नियम मांडला: प्रवाह जितका मोठा, तितकी हाती येणारी क्षमता कमी.

६/ उदाहरणार्थ, ५ अँपिअरने २० तास चालणारी शिशाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची. प्यूकर्टचा घातांक १.२ धरला, तर २० अँपिअरने ती ५ तास नव्हे, जेमतेम ३.८ तास चालेल; क्षमता भरेल सुमारे ७६. कारण पत्र्यांच्या छिद्रांतले आम्ल संपते आणि ताजे आम्ल आत झिरपायला वेळ लागतो.

७/ म्हणजे कोणत्या प्रवाहाने मोजले हे न सांगता दिलेला आकडा अर्धसत्यच. आज घरातल्या निकेल-मेटल हायड्राइड सेलसाठी प्रमाण ठरलेले आहे: क्षमतेच्या एक पंचमांश प्रवाहाने, दाब १ व्होल्टवर येईपर्यंत रिकामा करणे. २००० मिलीअँपिअर-तासांच्या सेलला ४०० मिलीअँपिअर.

८/ घरगुती चार्जरवरचा आकडा वाचताना इथेच फसगत होते. काही चार्जर भरताना आत गेलेली वीज दाखवतात. प्रमाण पद्धतीत हा सेल एक दशांश प्रवाहाने १६ तास भरतात, म्हणजे क्षमतेच्या १६० टक्के वीज आत जाते! वरची वीज साठत नाही. तिची बहुतांशी उष्णता होते.

९/ म्हणून सेल पूर्ण भरावा, थोडा निवू द्यावा, ठरलेल्या प्रवाहाने रिकामा करावा आणि तेव्हाचा आकडा प्रमाण मानावा. दोन सेलची तुलना एकाच प्रवाहावर करावी. बरेच दिवस पडून राहिलेल्या सेलला तीन-चार फेऱ्यांची संधी द्यावी. पहिल्याच मापावर तो फेकला, तर चांगला सेल कचऱ्यात जाण्याचा संभव असतो.

१०/ १८८१ च्या पेटीला लागू होती तीच कसोटी आजही कायम आहे. घटात किती भरले, यावर त्याची क्षमता ठरत नाही. त्यातून किती परत मिळाले आणि कोणत्या गतीने, यावर ठरते.